विडंबन, जाहिरात आणि आंतरजाल

प्रस्थापिताचाच साचा घेऊन त्यात विपरीत आशय भरणे, हे विडंबनाचे मूलतंत्र होय. मराठीत १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या आचार्य अत्रे यांच्या 'झेंडूची फुले' या संग्रहाने त्याला वाङ्मयीन प्रतिष्ठा दिली. तेथे लक्ष्य होते ते काव्यातील कृतक संकेतांचे. जाहिरातीच्या भाषेवर हेच तंत्र उलटविण्याच्या प्रवृत्तीस पाश्चात्त्य जगात 'कल्चर जॅमिंग' म्हणतात. शत्रूचे ध्वनिक्षेपण बिघडविण्याच्या क्रियेवरून घेतलेली ही संज्ञा 'निगेटिव्हलँड' या अमेरिकन वादकसंघाने १९८४ मध्ये रूढ केली.

आंतरजालापूर्वी अशा विडंबनकाराला छापखाना किंवा फलक यांचा आश्रय घ्यावा लागे. आंतरजालाने हा खर्च जवळजवळ नाहीसा केला. तथापि त्याहून महत्त्वाचा बदल असा की, साचा आधीच सर्वतोमुखी झालेला असतो. २०१७ च्या पावसाळ्यात 'सोनू'चे गाणे गावोगावच्या मंडळींनी आपापल्या परीने रचून प्रसृत केले होते. त्याच चालीवर नभोवाणी निवेदिका मलिष्का यांनी मुंबईच्या खड्ड्यांवरून बृहन्मुंबई महानगरपालिकेचा उपहास केला. 'भरवसा' हा घरगुती रुसव्याचा शब्द नागरिक आणि प्रशासन यांच्या नात्यास लागू झाला. गाण्याचे मर्म या अर्थांतरात होते. प्रत्युत्तरेही त्याच चालीवर आली. काही नगरसेवकांनी ५०० कोटी रुपयांच्या अब्रुनुकसानीच्या दाव्याची मागणी केली. निवेदिकेच्या घरी डासांच्या अळ्या आढळल्याची नोटीसही पालिकेने दिली. चर्चा खड्ड्यांकडून व्यक्तीकडे वळली.

याच्या उलट उदाहरण कोडाईकनालचे. मुंबईत मुख्यालय असलेल्या हिंदुस्थान युनिलिव्हरचा तेथील पाऱ्याच्या तापमापकांचा कारखाना २००१ मध्ये बंद पडला. २०१५ मध्ये सोफिया अश्रफ यांचे विडंबनगीत आंतरजालावरून जगभर पोहोचले आणि मार्च २०१६ मध्ये कंपनीने ५९१ माजी कामगारांशी तडजोड केली. परंतु हे यश केवळ गीताचे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. कामगारांचा न्यायालयीन लढा त्यापूर्वी कित्येक वर्षे चालू होता. गीताने त्यास श्रोते मिळवून दिले.

कोकणातील अनुभवही हेच सुचवितो. मुंबई–गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले. पेण व रोहे यांच्या दरम्यानचे कासू हे पुढे त्या टप्प्याच्या दोन भागांचे सीमास्थान ठरले. काम रखडत गेले, तसतशी गणपतीला गावी जाणाऱ्या चाकरमान्यांची विडंबने आंतरजालावर वाढत गेली. शासनाला मुदती द्याव्या लागल्या, त्या मात्र उच्च न्यायालयातील जनहित याचिकांमुळे.

सारांश, आंतरजालाने विडंबनाला वेग दिला, साचा दिला आणि सर्वांना कर्तृत्वही दिले. मागणी धसास लावणारी संघटना मात्र ते देऊ शकले नाही. ती जेथे आधीपासून उभी होती, तेथेच हसण्याचे रूपांतर दडपणात झाले.