परळची यारी : टनांपलीकडचा हिशेब

१/ गिरणगाव म्हटले की डोळ्यांपुढे गिरण्यांची धुराडी उभी राहतात. पण याच परळमध्ये १८७९ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा इंजिन-दुरुस्ती कारखाना सुरू झाला. अशा कारखान्याचे खरे बळ छताखाली असते : यारी, म्हणजेच ओव्हरहेड क्रेन. ती निवडायची कशी?

२/ चाके व आस दुरुस्त करायचे, तर इंजिन त्यांवरून उचलावेच लागते. प्रारंभी हे काम जॅकने, इंचाइंचाने होई. १८६१ च्या सुमारास इंग्लंडमधील क्रू येथे जॉन रॅम्सबॉटम यांनी दोरचालित फिरत्या यारी बसवल्या. परळचा कारखाना उभा राहिला, तेव्हा विजेवरील यारी अद्याप रूढ झाली नव्हती.

३/ १९१५ मध्ये खोपोलीची जलविद्युत मुंबईच्या गिरण्यांपर्यंत पोहोचली. वीज आली, मग हातयारी काढून तेवढ्याच टनांची विजेची बसवली की झाले? नाही. वेग वाढला की धक्काही वाढतो. आजच्या भारतीय मानकांनुसार चाकांवरील स्थिर भारात हातयारीसाठी १० टक्के, तर विजेच्या यारीसाठी २५ टक्के भर धरावी लागते.

४/ धावमार्गाच्या तुळईचा बाकही मोजला जातो. ६ मीटरच्या तुळईला हातयारीखाली १२ मिलिमीटर वाकण्याची मुभा असते. ५० टनांपर्यंतच्या विजेच्या यारीखाली केवळ ८. म्हणून यारी निवडणे म्हणजे खांब, पाया आणि छताची उंची निवडणे. यारी बदलता येते. इमारत सहसा बदलत नाही.

५/ दुसरा प्रश्न : किती वेळा उचलायचे? वीजगृहातील यारी टर्बाइन उचलते, तेही क्वचित. ओतशाळेतील यारीला मात्र दिवसभर उसंत नसते. टन तेवढेच, आयुष्य वेगळे. म्हणूनच मानकांत कामाच्या ताणानुसार एम-१ ते एम-८ असे वर्ग आहेत.

६/ तिसरा प्रश्न दोन यारींच्या जोडीचा. लांब इंजिन दोन्ही टोकांना धरून उचलतात. समजा, ओझे ८० टन आणि आकड्यांमधील अंतर १२ मीटर आहे. गुरुत्वमध्य एका आकड्यापासून ५ मीटरवर असेल, तर त्या यारीवर सुमारे ४७ टन येतात आणि दुसरीवर ३३. येथे ४० टनांच्या दोन यारींची बेरीज कागदावर पुरेशी दिसते. प्रत्यक्षात एक यारी मर्यादा ओलांडते.

७/ परळमध्ये पुढे डिझेल इंजिनेही दुरुस्तीला येऊ लागली. १९६२ पासून भारतात आलेल्या डब्ल्यूडीएम-२ इंजिनाचे वजन सुमारे ११३ टन. वाफेच्या इंजिनांसाठी केलेला हिशेब अशा इंजिनांसाठी नव्याने मांडावा लागतो.

८/ हिशेब चुकला तर किंमत खाली उभा असलेला खलाशी मोजतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे कलम २९ म्हणूनच महत्त्वाचे होते : सुरक्षित भार यारीवर स्पष्ट लिहिलेला हवा, किमान १२ महिन्यांतून एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी हवी, आणि यारीच्या मार्गावर वा त्यालगत, धक्का लागेल अशा जागी माणूस काम करत असेल तर ती त्याच्यापासून ६ मीटरच्या आत येता कामा नये.

९/ परळच्या कारखान्याच्या जागेवर रेल्वे टर्मिनस उभारण्याची योजना अनेक वर्षे चर्चेत आहे. धुराड्यांची छायाचित्रे पुष्कळ निघाली. छताखालच्या या हिशेबाची आठवण मात्र माणसांपाशीच उरली आहे. तुमच्या घरी कुणी परळ, लोअर परळ वा माटुंग्याच्या कारखान्यात खलाशी किंवा यारीचालक होते का? त्यांना विचारा, आणि येथे अवश्य लिहा.