जीपच्या कठड्यावरची बावीस भोकं

माझ्या जीपच्या मागच्या हौद्याच्या कडेला बावीस भोकं आहेत. आठांत बोल्ट बसतात, नऊ वेल्डिंगनं बुजवलेली आहेत आणि उरलेल्या पाचांत रबरी बुचं आहेत. गाडी रंगवायला टाकली तेव्हा पेंटर म्हणाला, "भाऊ, पुट्टी भरून देतो, पत्ता बी नाही लागनार." मी नको म्हणालो. प्रत्येक मालकानं या गाडीवर आपलं छप्पर आपल्या पद्धतीनं बसवलं आणि जाताना भोकं मागे ठेवली. आरसी बुकात मालकांची नावं मिळतात. त्यांनी डोक्यावर काय घेतलं होतं, ते या कठड्यावर मिळतं.

गाडी महिंद्राची एमएम ५४०, १९९१ सालची. पाटी एमएच ३० ची, म्हणजे अकोल्याची. वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी, आणि एमएच ३७ हा क्रमांक त्यानंतरचा. आमच्या भागात जुनी जीप जिल्ह्याआधीची की नंतरची, हे पाटीवरूनच ओळखतात. सध्या तिला फायबरचा हार्ड टॉप आहे. मृगाच्या आधी तो चढतो, दसरा झाला की चार माणसं मिळून उतरवतात. मग होळीपर्यंत कापडी हूड, नाहीतर सरळ आभाळ. परदेशात याला हार्डटॉप कन्व्हर्टिबल म्हणतील आणि ती श्रीमंतांची हौस मानतील. वाशीममध्ये ही गाडी शेतकऱ्याच्या ऐपतीत बसते. जुनी घ्यायची, टप वेगळा बनवायचा, एवढंच. पण हे छप्पर काढण्या-घालण्याचं प्रकरण आमच्याकडे आलं कुठून, याचा शोध घेताना मला मोटारीच्या बरंच मागे जावं लागलं.

वऱ्हाडात माणसं नेणारी हलकी बैलगाडी म्हणजे दमणी, कुठे तिला रेंगी म्हणत. बांबूच्या कमानी, त्यावर कापड किंवा तट्टा, आत गादी, बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा. लेक माहेरी आणायची, जत्रेला जायचं, की कमानी चढायच्या. बंडीचंही तसंच. कापूस भरायचा तर उभे तट्टे, बायकापोरं न्यायची तर वर आडोसा, शेणखत टाकायचं तर काहीच नाही. गाडी एकच, तिचं वरचं रूप कामाप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे बदलणारं. छप्पर हा गाडीचा कायमचा अवयव आहे ही समजूतच इथे नव्हती. जीप आली तेव्हा कमानी आणि वर ताणलेलं कापड पाहून आमच्या आज्या-पणज्यांना ते परकं वाटलं नसणार, असं मला मनापासून वाटतं.

जीपच्या त्या कमानींचा जन्म मात्र युद्धाच्या घाईतला. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकी सैन्यानं एका छोट्या टेहळणी गाडीसाठी निविदा मागवल्या. पहिली गाडी ४९ दिवसांत हवी होती आणि वजनाची मर्यादा १३०० पौंड, म्हणजे ५९० किलोच्या आत होती. बँटम या लहानशा कंपनीनं कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याकडून आराखडा करून घेऊन २३ सप्टेंबर १९४० रोजी नमुना हजर केला. वजनाची अट पुढे सैल करावी लागली, पण पत्र्याच्या छपराला त्या हिशेबात कधीच जागा नव्हती. म्हणून दोन घडीच्या कमानी, वर कॅनव्हास आणि पुढे दुमडणारी काच. काच आडवी केली की गाडी झुडपाआड लपे. पुढे विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून १९४५ पर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या.

युद्ध संपलं आणि जीप जुन्या बाजारात आली. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्या देशानं जीपचा मोठा व्यवहार केला तोही वापरलेल्या गाड्यांचा. १९४८ मध्ये काश्मीरच्या लढाईसाठी लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांच्यामार्फत दुरुस्त केलेल्या जुन्या जीपांचा सुमारे ८० लाख रुपयांचा करार झाला. हाती आल्या १५५, आणि त्या वापरण्याजोग्या नव्हत्या. 'जीप घोटाळा' म्हणून ते प्रकरण संसदेत गाजलं, १९५५ मध्ये सरकारनं ते मिटल्याचं जाहीर केलं. रंग मारलेली जुनी गाडी घेताना कशी फसगत होते, याचा पहिला धडा खुद्द भारत सरकारनंच घेतलेला आहे.

त्याच सुमारास मुंबईत माझगावला विलीजचे सुटे भाग जोडून जीप तयार होऊ लागल्या. जोडणारी कंपनी २ ऑक्टोबर १९४५ रोजी महिंद्रा अँड मोहम्मद या नावानं सुरू झाली होती. के. सी. आणि जे. सी. महिंद्रा हे भाऊ आणि मलिक गुलाम मोहम्मद हे भागीदार. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले, इकडे १९४८ मध्ये पाटीवर महिंद्रा अँड महिंद्रा आलं. विलीजचं उंच बॉनेटचं सीजे ३ बी हे मॉडेल अमेरिकेत बंद झाल्यावरही आपल्याकडे कित्येक वर्षं बनत राहिलं. जुन्या फोटोंत साहेब टेकून उभे असतात ती गाडी बहुतेक वेळा हीच.

जीप खेड्यात पोचली ती सरकारच्या हातानं. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला, १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या, आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप हे गावाला दिसणारं सरकारचं रूप झालं. देवीची लस टोचणारे, कुटुंब नियोजनवाले, मलेरियावाले, सगळे जीपनं येत. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायकांना लांबून धुळीचा लोट दिसला की मुकादम हजेरीपट घेऊन उभा राही. या सरकारी जीपचा हूड हिरवा किंवा खाकी, कडेला पट्टे आणि बकलं, मागे गुंडाळता येणारा पडदा. पावसात आत बसलेला माणूस डाव्या खांद्यानं भिजणार हे ठरलेलं. माझ्या कठड्यावरची सर्वांत जुनी सहा भोकं या हुडाची आहेत, आखीव, समान अंतरावर, कारखान्यात पाडलेली.

सरकारी गाडी म्हातारी झाली की कागदावर तिचं 'निर्लेखन' होतं. हा शब्द मला आवडतो. नोंद पुसणं, असा त्याचा सरळ अर्थ. पण पुसली जाते ती सरकारच्या वहीतून, रस्त्यावरून नाही. कचेरीच्या मागच्या आवारात, बाभळीखाली, चारही चाकं बसलेल्या जीपांचा लिलाव होई आणि तिथून तिचं दुसरं आयुष्य सुरू होई. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा, कारंजा, सहाही तालुक्यांत जीप खासगी माणसाकडे अशी लिलावातून आली. काळ्या मातीला पाऊस लागला की पांदण रस्त्यानं दुसरं कोणतंच चारचाकी वाहन जात नाही. फोर बाय फोर टाकून चिखलातून निघणारी ही गाडी म्हणून ठेकेदारानं घेतली, डॉक्टरनं घेतली, सोयाबीन-तुरीच्या व्यापाऱ्यानं घेतली.

आणि नवा मालक पहिलं काम कुठलं करी? छप्पर बदली. इंजिनाला नंतर हात लागे. माझ्या जीपचा दुसरा मालक ठेकेदार होता. त्यानं अँगलचा सांगाडा ठोकून वर पत्रा चढवला, मागे कुलुपाचं दार केलं, कारण आत सिमेंटच्या गोणी आणि मजुरीचे पैसे असत. वेल्डिंगनं बुजवलेली भोकं त्याची. उन्हाळ्यात तो पत्रा तव्यासारखा तापे, हे मला त्याच्या ड्रायव्हरनंच सांगितलं. तिसऱ्या मालकानं पत्रा काढून भंगारात दिला आणि रेक्झिनचा हूड शिवून घेतला.

हूड शिवणं हा स्वतंत्र हुन्नर आहे आणि तो अंगी असलेल्या माणसाला आमच्याकडे कुशनवाला म्हणतात. तो सीटही शिवतो, ट्रॅक्टरचं छतही शिवतो. माझ्यासाठी ज्यानं हूड शिवला त्यानं मोजपट्टी फार कमी वापरली. कमानीवर कापड टाकलं, खडूनं खुणा केल्या, आणि मग म्हणाला, उन्हात दोन तास राहू द्या. कापड उन्हात सैल पडतं आणि थंडीत आखडतं, तेव्हा उन्हात ताणून शिवलं तर पावसाळ्यात ढोलकीसारखं बसतं आणि पाणी साचत नाही. शिवणीवर मेण घासलं की सुईच्या भोकातून गळत नाही. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नाही, ते या माणसांच्या बोटांत आहे. फायबरचे तयार टप आल्यापासून त्यांच्याकडचं हे काम कमी होत चाललंय, याचं मला वाईट वाटतं.

नव्वदच्या दशकात जीपला आणखी एक डोकं मिळालं. काळी-पिवळी. मुख्यतः कमांडर आणि ट्रॅक्स या गाड्यांच्या टॅक्सी. वर लोखंडी कॅरिअर, कॅरिअरवर पोती, कोंबड्यांचे डाले, लग्नाचा पेटारा, आणि मागे पायरीवर लोंबकळणारी माणसं. एसटी जिथे दिवसातून एकदा जाई तिथे काळी-पिवळी दहा वेळा जाई. शिरपूर जैनला, पोहरादेवीला, बाजाराच्या गावांना लोक तिनंच गेले. तिचे अपघातही आम्ही पाहिले आहेत, आणि छपरावर माणसं बसवणं मी कधीच योग्य म्हणणार नाही. पण छप्पर ही बसायची जागा, माल ठेवायची जागा आणि आडोसा अशी तिहेरी वस्तू होऊ शकते, हे या गाड्यांनी दाखवलं.

इथे थोडा वेळ फ्रान्सला जायला हवं, कारण मोटारीचं टणक छप्पर डिकीत नाहीसं करण्याची कल्पना बाजारात आली ती तिथे. जॉर्ज पोलँ हा पॅरिसचा दंतवैद्य. मोटारींच्या वेडापायी त्यानं पत्र्याचं अख्खं छप्पर मागे सरकून पोटात जाईल अशी रचना शोधली आणि १९३४ पासून प्यूजो कंपनीनं ती 'एक्लिप्स' नावानं विकली. ग्रहणासारखं नाहीसं होणारं छप्पर. युद्धात पोलँ जर्मनांविरुद्धच्या भूमिगत लढ्यात होता, १९४२ मध्ये जर्मनांनी त्याला गोळ्या घातल्या. ती कल्पना पुढे १९५७ च्या फोर्ड स्कायलायनरमध्ये, १९९६ च्या मर्सिडीज एसएलकेमध्ये आणि या शतकाच्या सुरुवातीला प्यूजोच्याच स्वस्त २०६ सीसीमध्ये परत आली. या गाड्या वाशीमच्या रस्त्यावर मी कधी पाहिल्या नाहीत. पण माझ्या जीपचं बॉनेट उघडलं की आत जे २११२ सीसीचं डिझेल इंजिन दिसतं, ते महिंद्रानं प्यूजोच्या परवान्यानं बनवलेलं आहे. मेकॅनिक त्याला 'पिजो' म्हणतात. ज्या घराण्यानं टणक छप्पर नाहीसं करून दाखवलं, त्याच घराण्याचं काळीज आमच्या काढता टप लावलेल्या जीपमध्ये धडधडतंय, हे कळलं त्या दिवशी मी बराच वेळ बॉनेट उघडं ठेवून उभा होतो.

महिंद्रानं ऑक्टोबर २०१० मध्ये थार आणली, तीही कापडी छपराची. पावसाळा आणि धूळ यांना कंटाळलेल्या मालकांनी बाहेरून फायबरचे टप करून घेतले. मग १५ ऑगस्ट २०२० रोजी नवी थार दाखवली गेली, २ ऑक्टोबरला, म्हणजे कंपनीच्या आणि त्या विकास कार्यक्रमाच्याही तारखेला, विक्रीस आली. तेव्हा किंमत ९ लाख ८० हजारांपासून होती. कारखान्यातूनच हार्ड टॉप किंवा मागे घडी होणारा कापडी टॉप घेता येई. मात्र एकदा निवडलं की निवडलं. गावात आम्ही दोन्ही ठेवतो, ही माझ्या मते जुनी आणि जास्त शहाणपणाची रीत आहे.

तरी घेणाऱ्यानं एक गोष्ट तपासावी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत फेरफार करू देत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच स्पष्ट केलं. आरसीवर बॉडीचा प्रकार काय लिहिलाय, गाडीवर काय आहे, हे जुळलं पाहिजे. बोजा उतरलाय का, पंधरा वर्षांनंतरचं पासिंग झालंय का, पर्यावरण कर भरलाय का, चेसिस नंबर घासलेला तर नाही, हेही पाहावं. जुन्या उघड्या जीपला रोल बार नसतो, तेव्हा वेगाचा मोह समृद्धी महामार्गावरही नको.

आणि आता ही वंशावळ थांबण्याच्या बेतात आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षं झालेल्या सरकारी वाहनांची नोंदणी पुन्हा होत नाही, ती मोडीत काढण्याच्या केंद्रात जातात. धुराचा विचार केला तर नियम चूक नाही, मी त्याच्याशी भांडत नाही. पण कचेरीमागच्या बाभळीखालून गावात येणारी वाट त्यानं बंद झाली. माझ्या जीपसारखी जीप यापुढे त्या वाटेनं कुणाच्या दारात येणार नाही.

यंदा दसऱ्यानंतर आम्ही टप उतरवला. आठ बोल्ट, चार माणसं, "हां, उचला" म्हणत एकदम वर, आणि गोठ्यातल्या कडब्याच्या पेंढ्यांवर उलटा ठेवला, खाली पोतं घालून, म्हणजे रबर दबत नाही. बुचं काढली, हुडाच्या कमानी भोकांत बसवल्या. दुपारी रिसोडकडचा एक तरुण गाडी पाहायला आला. विकायची आहे असं त्याला कुणी सांगितलं देव जाणे. त्यानं इंजिन ऐकलं, खाली वाकून चेसिस पाहिला, मग कठड्यावरून बोट फिरवत एकेक भोक मोजत गेला. गोठ्याकडे पाहून म्हणाला, "टप संगंच देता का, भाऊ?"

मी म्हटलं, विकायची नाही. तो गेला नाही. हुडाचा डावा पट्टा माझ्याकडून बकलात बसत नव्हता, तो त्यानं ओढून बसवून दिला.