नीरा कालवा, दगडी पूल आणि शिरवळ परिसर : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात नीरा नदीच्या उजव्या तीरावर शिरवळ हे प्राचीन गाव वसलेले आहे. पुणे-सातारा मार्ग, शिवकाळातील सुभानमंगळ कोट आणि परिसरातील लेणी यांमुळे ते इतिहासात परिचित आहे. मात्र नीरेवरील पाटबंधाऱ्यांच्या संदर्भात शिरवळचा विचार क्वचितच झालेला दिसतो. प्रस्तुत लेखात हा दुर्लक्षित पैलू मांडला आहे.

दुष्काळ व कालवा :
१८७६-७८ च्या भीषण दुष्काळात दख्खनमध्ये अनेक मदतकामे काढण्यात आली. नीरा डाव्या कालव्याच्या कामाचा आरंभ याच काळातील होय. १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांच्या आग्रहाने पुरुष मजुराची मजुरी एक पौंड धान्याची किंमत व एक आणा इतकी खाली आणण्यात आली. मजुरांनी याविरुद्ध कामे सोडली, तर १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने सरकारकडे त्यांची बाजू मांडली. दगडी बांधकामांच्या भव्यतेमागे अर्धपोटी श्रमाचा हा इतिहास आहे.

पाण्याचा मार्ग :
भोरजवळ येळवंडी नदीवर भाटघर येथे पहिले धरण बांधले गेले व त्याच्या जलाशयास अभियंता व्हायटिंग यांचे नाव मिळाले. तेथून सोडलेले पाणी नदीपात्रातून शिरवळजवळून पुढे वीर येथील बंधाऱ्यापर्यंत जाते व तेथून कालव्यात वळते. म्हणजेच पाणी शिरवळच्या दारावरून गेले. परंतु डाव्या कालव्याचा लाभ खालच्या बाजूच्या पुरंदर, बारामती व इंदापूर या तालुक्यांना झाला. १९२८ च्या सुमारास पूर्ण झालेल्या नव्या लॉईड धरणानंतर व उजव्या कालव्यामुळे फलटण, माळशिरस या भागांत ऊसशेती व साखर कारखानदारी फोफावली. सासवडच्या माळी समाजातील शेतकऱ्यांनी माळीनगर येथे उभारलेला कारखाना हे त्याचे ठळक उदाहरण होय.

पुलांचे प्रयोजन :
कालवा उताराला आडवा, समपातळीच्या जवळून वाहत असल्याने गाव व शिवार यांची ताटातूट होते. म्हणून जुन्या गाडीवाटा जोडण्यासाठी घडीव दगड व चुन्यातील कमानी पूल आणि ओढ्यांचे पाणी कालव्याखालून नेणाऱ्या मोऱ्या बांधाव्या लागल्या. कमानीचा भार दोन्ही बाजूंच्या भिंतींवर जात असल्याने पोलादाविना ती टिकते. कालव्याचा एखादा भाग वापरातून गेला तरी पूल उभा राहतो, तो याचमुळे.

समारोप :
धरणांना व जलाशयांना अधिकाऱ्यांची नावे मिळाली. आज भाटघर जलाशय येसाजी कंक यांच्या नावाने ओळखला जातो. दगड वाहणाऱ्यांची नावे मात्र कोठेच कोरली गेली नाहीत. जुने पूल रस्तारुंदीकरणात पाडण्यापूर्वी त्यांची मोजमापे, छायाचित्रे व स्थानिक आठवणी नोंदविणे आवश्यक ठरते. कारण या श्रमिकांची दृश्य खूण म्हणून या दगडांखेरीज फारसे काही शिल्लक नाही.