देवांचे बिऱ्हाड : नेले ते आणि ठेविले ते

घर बदलताना प्रत्येक गृहस्थाला दोन याद्या कराव्या लागतात. बरोबर न्यावयाच्या वस्तूंची एक आणि मागे सोडावयाच्या वस्तूंची दुसरी. पहिली यादी सहज होते. दुसरी करताना हात अडखळतो. सोळाव्या शतकात गोमंतकातील आमच्या पूर्वजांवर ही दुसरी यादी देवाच्या घरासाठीही करण्याचा प्रसंग आला. त्यांनी काय नेले आणि काय सोडले, ह्याचा विचार आजही उपयोगी पडेल असे आम्हांस वाटते.

तिसवाडी पोर्तुगीजांच्या हाती १५१० मध्ये गेली आणि तेथील देवळे १५४० मध्ये पाडली गेली. बारदेश व साष्टी हे प्रांत १५४३ मध्ये त्यांच्याकडे आले. पुढे जुन्या देवळांची दुरुस्ती करण्यासही मनाई झाली आणि १५६७ मध्ये राशोलच्या किल्लेदाराने साष्टीतील देवळे उद्ध्वस्त केली. ह्या संकटाची चाहूल लागताच देव निघाले. कुशस्थळीचा मंगेश १५६० मध्ये प्रियोळास आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळास, लोटलीचा रामनाथ बांदोड्यास आणि रायची कामाक्षी शिरोड्यास गेली. फोंडे महाल तेव्हा आदिलशाही अमलाखाली होता. मध्ये जुवारी नदी. पलीकडे गेले की पोर्तुगीजांचा हुकूम चालत नसे.

कायदा मालमत्तेचे स्थावर आणि जंगम असे दोन भाग करतो. नदी ओलांडणाऱ्या महाजनांस हा भेद कोणी शिकविण्याची गरज नव्हती. देऊळ, तळी, अग्रशाळा, नारळीची कुळागरे, भातशेते हे सारे स्थावर जागीच राहिले. होडीत मावेल तेवढेच निघाले. मागे राहिलेल्या जमिनींचे काय झाले हेही कागदोपत्री नमूद आहे. तिसवाडीतील देवळांच्या जमिनींचे उत्पन्न १५४१ मध्येच ख्रिस्ती धर्मकार्याकडे वळविले गेले व त्याचा लाभ पुढे सेंट पॉलचे कॉलेज म्हणून प्रसिद्ध झालेल्या संस्थेस झाला. साष्टीतील देवळांच्या जमिनींची नोंद १५६७ च्या ‘फोराल’ नामक दप्तरात झाली. जमिनी घेण्यासाठी केलेली ही यादीच आज कोणत्या गावात कोणता देव होता ह्याचा भक्कम पुरावा ठरली आहे. रुई गोमिश पेरेरा ह्यांच्या १९७८ च्या ग्रंथात गावोगावच्या देवतांची माहिती एकत्र मिळते, ती अशाच जुन्या कागदांच्या आधारावर.

आता जे नेले त्याकडे पाहू. मूर्ती व लिंगे तर नेलीच. पण ज्यास वजन नाही आणि जागाही लागत नाही असे दोन ठेवे त्यांनी विशेष जपले. पहिला नावाचा. वेरण्यातील देवीच्या परिसराचे म्हार्दोळ हे नाव देवीबरोबर फोंड्यात आले. दिवाडी बेटावरील नार्वे येथील सप्तकोटेश्वर डिचोली महालात गेला, तेव्हा नव्या ठिकाणासही नार्वे हेच नाव मिळाले. तेथेच शिवछत्रपतींनी १६६८ मध्ये देवालयाचा जीर्णोद्धार करविला. दुसरा ठेवा हक्कांचा आणि क्रमाचा. पालखीस खांदा कोणाचा, कौल कोणी लावावा, कोणत्या दिवशी कोणत्या घराण्याची सेवा, ही घडी त्यांनी मोडू दिली नाही. १९३३ च्या कायद्याने देवस्थानांचे नियम आणि महाजनांच्या नोंदी पक्क्या झाल्या. तथापि त्या नोंदींच्या मुळाशी असलेली नाती नदीपलीकडून आलेली होती.

ह्या निवडीचे शहाणपण पावणेदोनशे वर्षांनी दिसले. शाहू छत्रपतींच्या दरबारातील नारो राम मंत्री ह्यांच्या पुढाकाराने कवळ्याचे मोठे देवालय १७३८ च्या सुमारास उभे राहिले. रामचंद्र मल्हार सुखटणकर ह्यांच्या शब्दावरून पेशव्यांनी १७३९ मध्ये मंगेशी गाव देवास इनाम दिला. गेलेले स्थावर अशा रीतीने पुन्हा मिळू शकले. पण तोवर देवाचे नाव पुसले गेले असते आणि त्याचे कुळावी एकमेकांस ओळखेनासे झाले असते, तर हे इनाम कोणाच्या पदरात पडले असते?

अर्थात सारेच नेता आले नाही. लहानसहान परिवारदेवता, राखणदार, झाडाखालचे पाषाण मागे राहिले. माणसेही राहिली, त्यांतील अनेकांनी धर्म बदलला, पण गाव सोडला नाही. त्यांस दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्यास गेली, तरी फाल्गुनात बारा वांगडांच्या सोंत्र्या मिरवीत कुंकळ्ळी व फातर्पे आजही जोडली जातात, आणि त्या उत्सवात ख्रिस्ती गावकारही सहभागी होतात. मागे सोडलेल्याशी संबंध तुटलाच पाहिजे असा नियम नाही.

आज शेकडो घरे पुन्हा बिऱ्हाड हलवीत आहेत. राजांगणाचे चौसोपी घर विकून मडगावच्या किंवा फोंड्याच्या फ्लॅटात जाताना सगळे नेता येत नाही, आणि नेऊही नये. मोठे पलंग, पितळी हंडे, तुटकी शिसवी कपाटे ज्याला उपयोगी पडतील त्याला द्यावीत. त्यात पूर्वजांचा अपमान नाही. आमच्या व्यवसायात मात्र आम्ही नेमके उलटे घडताना पाहतो. पलंग ट्रकात चढतो आणि मोडीतील व पोर्तुगीजमधील कागदांचे गाठोडे, वाचता येत नाही म्हणून, रद्दीत जाते. त्यात कधी जुन्या वाटणीची इन्वेंतार असते, कधी देवस्थानाच्या नियमांची प्रत, कधी वंशावळ. पुढे महाजनकीचा किंवा कुळागराच्या हद्दीचा वाद निघाला म्हणजे तेच कागद शोधीत लोक आमच्याकडे येतात.

म्हणून ज्यांच्या घरी आवराआवर चालू आहे, त्यांस आमची एवढीच विनंती आहे. कागदांचे गाठोडे आधी उघडावे, मोडी व पोर्तुगीज जाणणाऱ्याकडून वाचवून घ्यावे, आणि घरात जागा नसेल तर देवस्थानाच्या दप्तरात किंवा पुराभिलेखागारात द्यावे. घरातील वृद्धांकडून जुन्या जागेची, शेतांची, देवचारांची नावे लिहून घ्यावीत. पलंगाचे काय करावयाचे ते मग सावकाश ठरविता येईल.