कळ आणि अक्षर यांच्या मधली जागा

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात कुंभार पिंपळगाव आहे आणि त्याच तालुक्यात जांब आहे. जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव, जन्म १६०८ चा. दासबोध हे नाव सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास मुद्दाम उघडून वाचणारे थोडेच. त्याचं नाव ‘लेखनक्रियानिरूपण’. त्यात अध्यात्म कमी आणि हात जास्त आहे. अक्षर वाटोळं, सरळ आणि मोकळं कसं काढावं, शाई कशी काळी असावी, पोथी सुरू करताना जे वळण असेल तेच शेवटपर्यंत कसं टिकवावं, असा तो सगळा रोकडा मामला आहे. लिहिणं आधी हातात बसावं लागतं, हे तिथं गृहीतच धरलेलं आहे.

बोरू गेला, टाक गेला, टाइपरायटर आला आणि गेला, कॉम्प्युटर आला, आता मोबाइल आहे. दर वेळी साधन बदलतं आणि दर वेळी एकच प्रश्न उरतो: जुन्या साधनावर कमावलेल्या हाताचं काय करायचं? फेकून द्यायचा, की नव्या साधनाला त्या हाताशी जुळवून घ्यायला लावायचं? या प्रश्नाचं एक फार विचारपूर्वक दिलेलं उत्तर प्रोग्रामरांच्या जगात सापडतं. त्या उत्तराच्या वंशावळीत एक मराठी वाटणारं आडनावही आहे.

गोष्ट १९७६ ची. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील एमॅक्स नावाचा एडिटर उभा करत होते. एडिटर म्हणजे मजकूर किंवा प्रोग्रामचा कोड लिहायचं, दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर. त्याच वर्षी पश्चिम किनाऱ्यावर, बर्कलीला, बिल जॉय हा विद्यार्थी व्हीआय नावाचा दुसरा एडिटर लिहीत होता. दोघांचा स्वभाव टोकाचा वेगळा निघाला.

एमॅक्समध्ये तुम्ही अक्षराची कळ दाबली की अक्षर उमटतं. काही वेगळं काम करायचं असेल तर कंट्रोल किंवा मेटा ही कळ धरून दुसरी दाबायची. व्हीआयमध्ये मात्र दोन अवस्था असतात. एका अवस्थेत अक्षरं उमटतात. दुसऱ्या अवस्थेत तीच अक्षरं हुकूम होतात: ‘डी’ म्हणजे काढून टाक, ‘डब्ल्यू’ म्हणजे एक शब्द पुढे, म्हणून ‘डी’ आणि ‘डब्ल्यू’ लागोपाठ दाबले की एक शब्द गायब. लिहिण्याच्या अवस्थेतून हुकमाच्या अवस्थेत यायला एस्केप ही कळ. जॉय ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर काम करत होता, त्याच्या ‘एच, जे, के, एल’ या चार कळांवर बाण छापलेले होते, म्हणून व्हीआयमध्ये आजही त्याच चार कळांनी इकडेतिकडे फिरतात. एस्केपची कळ त्या टर्मिनलवर आज टॅब असते तिथे होती, करंगळीच्या टप्प्यात. एका विशिष्ट यंत्राची ठेवण अशी हजारो लोकांच्या बोटांत जाऊन बसली. यंत्र भंगारात गेलं, बोटांतली ठेवण राहिली.

पुढे १९८५ मध्ये स्टॉलमननं जीएनयू एमॅक्स काढला. त्याचा गाभा सी भाषेत होता, पण वरचं जवळजवळ सगळं वागणं लिस्प भाषेत लिहिलेलं होतं. लिस्प ही १९५८ साली जॉन मॅकार्थींनी मांडलेली भाषा. एमॅक्समध्ये तिचं महत्त्व असं, की एडिटर चालू असतानाच वापरणारा माणूस त्याचे नियम बदलू शकतो.

इथं थोडं थांबून एक तपशील नीट पाहायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. आपल्याला वाटतं, कळ दाबली की अक्षर उमटतं. एमॅक्समध्ये तसं होत नाही. कळ दाबली की एमॅक्सपर्यंत एवढीच बातमी पोचते: अमुक कळ दाबली गेली. याला इव्हेंट म्हणतात. मग एमॅक्स एका तक्त्यात बघतो की या इव्हेंटसमोर कोणतं काम लिहिलंय. साध्या ‘ए’ या कळेसमोरही एक काम लिहिलेलं असतं. त्याचं नाव ‘सेल्फ-इन्सर्ट-कमांड’, म्हणजे ‘दाबलेलं अक्षर स्वतःच घाल’. अक्षर उमटणं हासुद्धा एक हुकूमच आहे, आणि तक्ता बदलला की तो हुकूमही बदलतो. कळ आणि अक्षर यांच्या मध्ये एक जागा आहे, आणि एमॅक्सनं ती जागा वापरणाऱ्यासाठी उघडी ठेवली.

व्हीआयवर हात बसलेल्या लोकांना एमॅक्सची ताकद तर हवी होती, पण बोटं नव्यानं शिकवायची नव्हती. मासाहिको सातो यांनी लिस्पमध्ये व्हीआयपी नावाचं पॅकेज लिहिलं: एमॅक्सच्या पोटात व्हीआय. त्याची सुधारलेली ४.४ ही आवृत्ती आमोद साने यांची. इलिनॉय विद्यापीठात संगणकशास्त्रात काम केलेले हे साने. मराठी वाचकाला या आडनावाची ओळख करून द्यायला नको. या दोन्हींच्या पायावर मायकेल किफर यांनी १९९० च्या दशकात एमॅक्सच्या एकोणिसाव्या आवृत्तीसाठी व्हीआयपी-१९ बांधलं, आणि त्याचं नाव पुढे व्हायपर झालं. व्हायपर म्हणजे घोणस-फुरशाच्या कुळातला विषारी साप, आणि नावात ‘व्हीआय’ही दडलेलं. व्हायपरच्या माहितीपुस्तिकेत सातो आणि साने या दोघांच्या कामाचं ऋण स्पष्ट नोंदवलेलं आहे.

किफर यांनी एक समजूतदारपणा दाखवला. व्हायपरमध्ये १ ते ५ अशा पातळ्या आहेत. पहिल्या पातळीवर जवळजवळ निव्वळ व्हीआय मिळतो. पुढच्या पातळ्यांवर एमॅक्सच्या स्वतःच्या कळा हळूहळू मोकळ्या होतात. जुनं वळण घेऊन आलेल्या माणसाला दारातच ‘आधी सगळं विसरा’ असं सांगितलेलं नाही. २०११ मध्ये व्हेगार्ड ओय आणि फ्रँक फिशर यांनी इव्हिल हे नवं पॅकेज काढलं. ते ब्राम मोलेनार यांच्या व्हिमची, म्हणजे व्हीआयच्या १९९१ मधल्या वारसाची नक्कल करतं. आज एमॅक्समध्ये व्हिमची सवय चालवणारे बहुतेक जण हेच वापरतात.

ऐकायला हे सोपं वाटतं: तक्ता बदला, काम झालं. खरी अडचण तक्त्याच्या पलीकडे आहे. व्हीआयमध्ये ‘डी’ दाबलं की लगेच काहीच होत नाही. ते पुढच्या कळेची वाट बघतं. काढून टाक, पण किती? पुढची कळ सांगेल. मध्ये ‘३’ दाबला तर तीन शब्द. म्हणजे नक्कल करणाऱ्या लिस्प कोडला सुटी कळ समजून चालत नाही, अर्धवट वाक्य हातात धरून थांबावं लागतं.

एस्केपचं दुखणं आणखी वेगळं. जुन्या टर्मिनलवर मेटा आणि एक्स एकत्र दाबले की आत दोन इव्हेंट जातात: आधी एस्केप, मग एक्स. बाणाची कळ दाबली तरी सुरुवात एस्केपनंच होते. मग नुसता एस्केप आला, तर तो व्हीआयवाल्याचा ‘हुकमाच्या अवस्थेत चला’ आहे, की एमॅक्सवाल्याच्या लांब हुकमाची सुरुवात? इव्हेंटकडे बघून ते कळत नाही. उपाय एकच: जरासं थांबायचं. इव्हिलमध्ये हा वेळ मुळात ०.०१ सेकंद ठेवलेला आहे. माणूस इतक्या झपाट्यानं दोन कळा दाबू शकत नाही, यंत्र पाठवू शकतं. दोन्ही परंपरा त्या शंभराव्या भागात शेजारी नांदतात.

आता मराठीकडे येऊ, कारण हेच कोडं आपल्याकडे नोकऱ्यांशी बांधलं गेलं.

गोदरेजनं १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला. देवनागरी टाइपरायटरवर, मग तो मराठी असो की हिंदी, एक नियम पक्का होता: डोळ्याला जे आधी दिसतं ते आधी ठोकायचं. ‘कि’ लिहायचा तर आधी वेलांटी, मग ‘क’. ‘धर्म’ लिहायचा तर ध, म आणि शेवटी वर रफार. यंत्राला उच्चार माहीत नव्हता, त्याला फक्त कागदावरची जागा माहीत होती. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी टायपिंगचे क्लास निघाले. कुंभार पिंपळगावसारख्या गावांतल्या मुलांसाठी मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट ही प्रमाणपत्रं म्हणजे लिपिक-टंकलेखकाच्या नोकरीची पहिली पायरी होती. बोटांची सवय हीच तिथली भांडवली गुंतवणूक.

१९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं इनस्क्रिप्ट ही नवी मांडणी आणली. तिचं तत्त्व उलटं: जसं उच्चारता तसं टाइप करा. आधी ‘क’, मग वेलांटी. स्वर एका हाताला, व्यंजनं दुसऱ्या हाताला. भारतातल्या अनेक लिप्यांना एकच ठेवण. तर्काला धरून, शिकायला सोपी. पण ज्यांनी आधीच फी भरून, महिनोन्महिने घासून रेमिंग्टनची ठेवण हातात बसवली होती, त्यांना ती परकी होती. रेमिंग्टनची हिंदी मांडणी, जी पुढे कृतिदेव फॉन्टमुळे सर्वदूर गेली, तिच्यात ‘एफ’ या कळेवर वेलांटी आहे. इनस्क्रिप्टमध्येही ‘एफ’ वरच वेलांटी आहे. कळ तीच, अक्षर तेच, फक्त दाबायची वेळ वेगळी. एवढ्यानं हात अडखळतो.

त्या लोकांना कॉम्प्युटरवर आणायचे दोन रस्ते होते.

पहिला रस्ता कृतिदेवसारख्या फॉन्टचा. फाइलमध्ये इंग्रजी अक्षरंच ठेवायची आणि फॉन्टमध्ये त्या अक्षरांच्या जागी देवनागरी चित्रं काढायची. टायपिस्टची बोटं जशीच्या तशी चालली, उद्यापासून काम सुरू. पण ‘कुंभार’ हा शब्द फाइलमध्ये डी, क्यू, ए, एच, के, के, जे असा पडून राहिला. फॉन्ट नसलेल्या मशीनवर ती फाइल उघडा, ‘कुंभार’ दिसत नाही, इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. शोधायला गेलात तर सापडत नाही. कळफलकाची नक्कल मजकुरातच मुरवली गेली, आणि हाताच्या सवयीची किंमत कागदपत्रांनी मोजली.

दुसरा रस्ता व्हायपरचा: नक्कल मधल्या जागेत ठेवायची, मजकूर स्वच्छ राहू द्यायचा. युनिकोडमध्ये ‘कि’ हा क आणि त्यानंतर वेलांटी असाच साठतो. मग रेमिंग्टनच्या हातानं आधी वेलांटी दाबली तर मधल्या कोडनं काय करायचं? ती हातात धरून थांबायचं. ‘स्थिती’मधली वेलांटी आली, मग अर्धा ‘स्’ आला, तरी सोडायची नाही. पूर्ण ‘थ’ आला की त्याच्या मागे ठेवायची. व्हीआयचं ‘डी’ जसं पुढच्या कळेची वाट बघतं, अगदी तसंच. रफाराला उलटा प्रवास: ‘धम’ लिहून झाल्यावर रफार आला, तर मागे जाऊन ‘म’ च्या आधी ‘र्’ घालायचा. मजकुराकडे वळून बघितल्याशिवाय हे जमत नाही. मराठी टायपिंगची अडचण आणि व्हीआयच्या नकलेची अडचण ही मुळात एकच आहे: इव्हेंट ज्या क्रमानं येतात, त्या क्रमानं अर्थ लागत नाही.

एमॅक्सच्या त्याच उघड्या जागेत देवनागरीही आली. केनइची हांदा आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी एमॅक्सला जगभरच्या लिप्या शिकवल्या. ते काम १९९७ च्या विसाव्या आवृत्तीत मुख्य एमॅक्समध्ये मिसळलं. त्यातल्या देवनागरीसाठी लिस्पमध्ये काम केलं ते कावाबाता ताइची यांनी. इनस्क्रिप्टनं टाइप करायचं की रोमन अक्षरांनी, हे तिथं वापरणारा ठरवतो, आणि फाइलमध्ये दोन्ही वेळा तीच देवनागरी पडते.

राज्यात यंत्रावरचं टंकलेखन जाऊन संगणक टंकलेखन आलं. गोदरेजनं २००९ मध्ये टाइपरायटर बनवणं थांबवलं. रेमिंग्टनची ठेवण मात्र सॉफ्टवेअरमध्ये जिवंत राहिली, कारण ती यंत्रात कधीच नव्हती, माणसांत होती.

तुमच्या मोबाइलवरही ही मधली जागा आहे. बोट टेकवता तेव्हा फोनला फक्त स्पर्शाची जागा कळते. ती जागा म्हणजे ‘क’, की शेजारचं अक्षर, की अख्खा सुचवलेला शब्द, हे कीबोर्डचं ॲप ठरवतं. फरक इतकाच की तो तक्ता सहसा तुमच्या हाती नसतो. एका अपडेटनंतर ‘ळ’ ची जागा हलली तर दोन दिवस चिडचिड होते, मग अंगठा नवी जागा शिकतो आणि आपण विसरून जातो. सुचवलेल्या यादीत एखादा मराठवाडी शब्द कधीच येत नसेल, तर हळूहळू आपण तो लिहिणंच टाळतो. म्हणून कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन मांडणी आणि शब्दकोश एकदा तरी स्वतः बघावा, आणि आपले शब्द त्यात घालावेत.

सातो, साने, किफर यांनी केलेलं काम तसं किरकोळ दिसतं. त्यांनी नवा एडिटर काढला नाही, भाषा शोधली नाही. एका साधनावर कमावलेला हात दुसऱ्या साधनावर वाया जाऊ नये, एवढीच सोय केली, आणि ती करताना लिहिलेल्या मजकुराला धक्का लावला नाही. व्हायपर आजही एमॅक्ससोबतच येतो. चालू करणाऱ्याला तो आधी इतकंच विचारतो, की तुम्हाला कोणत्या पातळीपासून सुरुवात करायची आहे.