जुन्या आवृत्तीकडे परतणे : वेबमेलच्या इतिहासातील एक शब्दप्रकरण

ग्रंथव्यवहारात 'आवृत्ती' हा शब्द मराठीने ज्या अर्थाने स्थिर केला, त्या अर्थात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती ही की, नवी आवृत्ती निघाली म्हणून जुनी नाहीशी होत नाही. दुसऱ्या आवृत्तीत ग्रंथकाराने एखादे प्रकरण गाळले, तर अभ्यासक ग्रंथालयातून पहिली आवृत्ती काढतो व गाळलेले प्रकरण वाचतो. त्यास प्रकाशकाची अनुज्ञा लागत नाही. शब्दाची व्युत्पत्तीही याच बाजूची आहे. 'आ' उपसर्गपूर्वक 'वृत्' धातूपासून सिद्ध झालेला हा शब्द मुळात 'परत वळणे', 'फिरून येणे' असे सांगतो. पाठाची आवृत्ती करणे, अथर्वशीर्षाची आवर्तने करणे हे प्रयोग त्याच कुळातले. आणि वेदान्तात 'अनावृत्ति' म्हणजे जेथून परत येणे नाही अशी स्थिती. संगणकाच्या परिभाषेत 'व्हर्शन' या शब्दास 'आवृत्ती' हा प्रतिशब्द रूढ झाला, तेव्हा हा सारा अर्थसंभार त्याच्यासवे तेथे गेला. तो तेथे कितपत टिकला, हे तपासण्यास वेबमेलचा इतिहास विशेष सोयीचा आहे. कारण जुन्या आवृत्तीकडे परत नेणारी एक ओळ पानाच्या कोपऱ्यात छापलेली आणि कालांतराने काढून घेतलेली, असा प्रकार येथे एकदा नव्हे, अनेकदा घडला आहे.

वेबमेलच्या आधी हा प्रश्न या रूपात नव्हता. भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट-सेवा विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. त्या काळी पत्रे वाचावयाची ती एकतर 'पाइन'सारख्या केवळ अक्षरांच्या पडद्यावर, नाही तर स्वतःच्या संगणकावर बसविलेल्या 'यूडोरा'सारख्या कार्यक्रमात. यूडोराची नवी आवृत्ती ज्यास नको असेल, तो ती बसवीत नसे. जुनीची तबकडी त्याच्या खणात असे. येथे 'आवृत्ती' हा शब्द ग्रंथातील अर्थाशी पुष्कळ अंशी प्रामाणिक होता.

४ जुलै १९९६ रोजी सबीर भाटिया व जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केले. पुढील वर्षी ऑक्टोबरात याहूने रॉकेटमेल विकत घेऊन त्याच्या आधारे याहू मेल काढले. मुंबईत १९९६ मध्येच स्थापन झालेल्या रेडिफची रेडिफमेल ही सेवाही याच परंपरेतली. कोणाच्याही संगणकावरून, केवळ ब्राउझरच्या साह्याने, आपली पत्रे वाचता यावीत ही या सेवांची मोठी सोय. तिची किंमत त्या वेळी फारशा कोणाच्या ध्यानात आली नाही. पत्रे ठेवण्याची कोठी, ती आणून देणारा टपालवाला आणि ती वाचण्याचे मेज या तीन वस्तू आजवर निरनिराळ्या धन्यांच्या होत्या. त्या आता एकाच धन्याच्या झाल्या.

हा फरक किती मूलगामी आहे, हे एखाद्या गावाच्या टपालावरून पाहता येते. पेण तालुक्यातील गडब हे मुंबई–गोवा महामार्गावरील गाव घ्यावे. १९७२ मध्ये पत्त्याच्या शेवटी पिनकोड आला. १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले, तेव्हा पत्त्यातला जिल्हा बदलला. महामार्गाचा क्रमांक १७ होता, तो २०१० च्या पुनर्क्रमांकनानंतर ६६ झाला. हे सारे बदल वरून आले आणि 'कुलाब्याकडे परत जा' अशी ओळ कोणी कोठे छापली नाही. तथापि पाकीट एकदा हाती पडले की आतले पत्र ओसरीवर वाचावे की कंदिलाशी, एकेक वाचावे की साठवून वाचावे, हे टपालखात्याने कधी ठरविले नाही. वेबमेलमध्ये नेमके हेच ठरविण्याचा अधिकार सेवा पुरविणाऱ्याकडे गेला.

पहिली काही वर्षे याचा जाच झाला नाही, कारण पाने साधी होती व बदल लहान होते. १ एप्रिल २००४ रोजी गूगलने जीमेल प्रसिद्ध केले. एक गिगाबाइट इतकी जागा, आणि एका विषयावरची सारी पत्रोत्तरे एकत्र दाखविण्याची नवी रीत, या दोन गोष्टींनी जुन्या सेवांना धक्का बसला. याहूने त्याच वर्षी ऑडपोस्ट ही कंपनी विकत घेतली व २००५ पासून नव्या धाटणीचे याहू मेल चाचणीसाठी खुले केले. हॉटमेल २००७ मध्ये 'विंडोज लाइव्ह हॉटमेल' झाले. दोन्ही ठिकाणी जुने पान काही काळ नव्याच्या शेजारी ठेवण्यात आले, आणि शेजारी ठेवल्यामुळेच त्यास नाव देणे भाग पडले. दोघांनीही दिलेले नाव एकच : 'क्लासिक'.

ज्या वस्तूस आजवर विशेषणाची गरज नव्हती, तिला नव्या वस्तूच्या आगमनामुळे विशेषण चिकटते, या प्रकारास इंग्रजीत 'रेट्रोनिम' म्हणतात. विल्यम सफायर यांच्या १९८० मधील लेखनामुळे ती संज्ञा सर्वतोमुखी झाली. मराठीत तीस 'पश्चान्नाम' म्हणता येईल. भाषेत अशा नामांची वाण नाही. यंत्रमाग आला तेव्हा 'माग' हा 'हातमाग' झाला. ब्रॉयलर आली तेव्हा अंगणातली कोंबडी 'गावठी' ठरली. खुद्द पेणमध्ये, गणेशमूर्तींच्या कारखान्यांत, याहून बोलके उदाहरण सापडते. प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती सर्रास होऊ लागल्यावर 'शाडूची मूर्ती' या शब्दातील 'शाडूची' हे पद केवळ वर्णन न राहता निवड सांगू लागले. एरवी गणपती मातीचा आहे हे मुद्दाम कोण सांगेल?

परंतु पश्चान्नामांची प्रकृती सारखी नसते. 'गावठी' हे प्रथम हिणवणारे विशेषण पुढे बाजारात भाव वाढविणारे ठरले. 'शाडूची' या पदासही तशीच प्रतिष्ठा आली, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी प्लॅस्टरच्या मूर्तींवर निर्बंध घातल्यावर तीस नियमाचेही पाठबळ मिळाले. कोका-कोलाने एप्रिल १९८५ मध्ये पेयाची चव बदलली, लोकांनी ओरड केली, आणि जुलैत जुनी चव 'क्लासिक' या नावाने परत आली. अखेरीस नवीच मागे पडली. वेबमेलमधील 'क्लासिक' मात्र या वाटेने गेले नाही. मराठीत या शब्दाचे भाषांतर 'अभिजात' असे होते व तो मोठ्या मानाचा शब्द आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस तो दर्जा दिला, तेव्हाचा आनंद सर्वांस ठाऊक आहे. वेबमेलच्या पानावर हेच विशेषण निरोपाची पूर्वसूचना म्हणून वापरले गेले. याहू मेल क्लासिक जून २०१३ मध्ये बंद करण्यात आले.

जीमेलच्या बाबतीत ही नावांची मालिका अधिक लांब व अधिक शिकविणारी आहे. ऑक्टोबर २००७ च्या अखेरीस नवी आवृत्ती आली, तेव्हा पानाच्या माथ्यावर 'ओल्डर व्हर्शन' अशी ओळ होती. 'जुनी' नव्हे, 'अधिक जुनी' : तुलनादर्शक रूप, दोन्हींस एका रांगेत उभे करणारे, अद्याप कोणासही न हिणविणारे. २०११ च्या नोव्हेंबरात रूप पुन्हा बदलले आणि परतीच्या ओळीत एक क्रियाविशेषण शिरले : 'टेम्पररिली', तात्पुरते. पुढच्या वर्षी पत्र लिहिण्याची नवी चौकट आली. तिच्याही परतीच्या ओळीत तेच 'तात्पुरते'. २०१८ च्या एप्रिलमधील बदलानंतर जुने रूप 'क्लासिक' झाले, आणि २०२२ मध्ये 'ओरिजिनल व्ह्यू', मूळ दर्शन. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो मार्गही काढून घेण्यात आला.

या नामावलीत 'तात्पुरते' या शब्दाने जे उघड सांगितले, ते इतर शब्दांनी झाकले एवढाच फरक आहे. बहुतेक प्रत्येक ओळ व्याकरणदृष्ट्या आज्ञार्थी आहे, 'परत जा'; आज्ञा देणारा ग्राहक आहे असा भास तीत होतो. वस्तुतः ती वापरण्याची अनुज्ञा होती, आणि अनुज्ञेस मुदत होती. येथे अनुज्ञा देणाऱ्याची बाजूही नमूद करणे न्याय्य होईल. दोन आवृत्त्या एकाच वेळी चालविणे म्हणजे प्रत्येक दुरुस्ती, विशेषतः सुरक्षिततेची, दोनदा करणे. आणि जुन्या पानातील एखादे छिद्र सर्वांच्याच पत्रांस धोक्याचे ठरू शकते. ग्रंथालयातील पहिली आवृत्ती फडताळात निमूट पडून असते. वेबमेलची जुनी आवृत्ती रोज कोणीतरी चालती ठेवावी लागते.

मग परत जाणारे लोक परत का गेले? सवय हे उत्तर नेहमी दिले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. जीमेलचे पान उतरत असता त्याच्या तळाशी बरीच वर्षे एक ओळ दिसे; मंद जोडणी असल्यास 'बेसिक एचटीएमएल' उघडावे, असा तिचा आशय. दूरध्वनीच्या तारेवरून ५६ किलोबिट वेगाने सेकंदास फार तर ७ किलोबाइट येतात. अर्ध्या मेगाबाइटचे पान उतरण्यास सव्वा मिनिट लागते, आणि मध्येच तार तुटली तर पुन्हा आरंभापासून. अशा जोडणीवर साधे पान ही जिव्हाळ्याची नव्हे, पत्र उघडते की नाही याची बाब होती. जुने संगणक वापरणारे आणि पडदा वाचून दाखविणाऱ्या साधनाच्या आधारे काम करणारे अंध वाचक यांचाही साध्या पानाकडे ओढा होता, कारण त्यात हलणारे व उघडमीट होणारे भाग जवळजवळ नव्हते.

मराठी लेखकापुढे तर एक वेगळाच पेच होता. मार्च २००९ मध्ये जीमेलमध्ये रोमन अक्षरे टंकून भारतीय लिपीत लिहिण्याची सोय आली. आरंभीच्या यादीत हिंदी, तमिळ, तेलुगू, कन्नड व मल्याळम या पाच भाषा होत्या, मराठी नव्हती; तथापि हिंदीच्या वाटेने देवनागरी उमटविता येई. ही सोय नव्या, भरगच्च पानावर होती. साध्या पानावर अक्षरांस ठळक-तिरके करण्याचीदेखील तरतूद नव्हती, मग लिप्यंतराची गोष्टच दूर. म्हणजे ज्याची जोडणी मंद व ज्याच्या संगणकावर देवनागरीचा कळफलक बसविलेला नाही, त्याने पत्र लवकर उघडावे किंवा आपल्या लिपीत लिहावे, यांपैकी एकच निवडावे अशी स्थिती झाली. रोमन लिपीतील मराठी पत्रांच्या त्या काळातील विपुलतेचा विचार करताना हा तांत्रिक भाग अभ्यासकांकडून बहुधा सुटतो, आणि दोष केवळ लिहिणाऱ्याच्या अनास्थेवर जातो. तो अन्याय आहे.

परतीचा एक प्रसंग मात्र उलट दिशेचा आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये गूगलने 'इनबॉक्स' या नावाने टपालाचे स्वतंत्र, नव्या विचाराचे रूप काढले. ज्यांना ते आवडले, त्यांना ते मनापासून आवडले. २ एप्रिल २०१९ रोजी ते बंद झाले आणि त्या सर्वांस जीमेलकडे परतावे लागले. येथे नवे गेले, जुने राहिले. परंतु निर्णय करणारा तोच. यावरून असे दिसते की, वादाचा विषय नव्या-जुन्याचा नसून वाचण्याचे मेज कोणाच्या मालकीचे हा आहे. पेणच्या मूर्तिकारास शाडूकडे वळताना खर्चाची, वेळेची, मोडतोडीची अडचण येते. पण हात त्याचे आणि रीत त्याची असते. प्लॅस्टर विकणारा त्याची शाडू परत घेऊन जात नाही.

ऑक्टोबर २००७ ची आणखी एक नोंद येथे महत्त्वाची ठरते. ज्या महिन्यात 'ओल्डर व्हर्शन' ही ओळ जीमेलवर आली, त्याच महिन्यात त्या सेवेने आयमॅप या पद्धतीने पत्रे बाहेरच्या कार्यक्रमात वाचण्याची मोकळीक दिली. ही पद्धत मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये रचलेली, म्हणजे वेबमेलहून दहा वर्षांनी वडील. तीमुळे कोठी एकाची व मेज दुसऱ्याचे ही जुनी विभागणी पुन्हा शक्य झाली. २०१३ मध्ये क्लासिक बंद करताना याहूनेही, ज्यांना नवे पान मान्य नाही त्यांनी आयमॅपने आपली पत्रे उतरवून घ्यावीत, असेच सुचविले होते. कोपऱ्यातल्या ओळीकडे लोकांचे लक्ष गेले. या दुसऱ्या दाराकडे त्या मानाने थोडे.

बेसिक एचटीएमएल हे जीमेलचे साधे दर्शन बंद होणार, अशी सूचना सप्टेंबर २०२३ मध्ये देण्यात आली व जानेवारी २०२४ ही त्याची मुदत ठरली. त्यास 'क्लासिक' किंवा 'ओरिजिनल' हे नाव कधी मिळाले नव्हते, 'बेसिक' एवढेच. आयमॅपचे दार त्यानंतरही उघडे राहिले.