कागदाच्या पोटी जन्मलेले उड्डाण

१५ ऑक्टोबरला महाराष्ट्रातल्या शाळांत वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. हा अब्दुल कलामांचा जन्मदिवस, साल १९३१. रामेश्वरमला लहानपणी वर्तमानपत्रे वाटणारा हा मुलगा पुढे मद्रासला विमानविद्या शिकला. कागद आणि उड्डाण यांची गाठ मात्र याच तारखेला, त्याच्या जन्माआधी दीडशे वर्षे पडून गेली होती.

१७८३ साली पॅरिसच्या सेंत-आंत्वान भागात ज्याँ-बातिस्त रेव्हेयाँ यांचा भिंतींना चिकटवायच्या नक्षीदार कागदाचा कारखाना होता. त्यांचे स्नेही एतिएन मॉन्गोल्फिए हे आनोने गावच्या कागद गिरणीवाल्यांच्या घरातले. माणसाची शतके पाखरांच्या पंखांची नक्कल करण्यात गेली होती. हे पडले कागदवाले, त्यांना सुचली ती पिशवी. कापडाला कागद चिकटवून केलेला प्रचंड फुगा, निळ्या रंगावर सोनेरी राजचिन्हे आणि बारा राशी. रेव्हेयाँच्या कारागिरांनी तो दिवाणखान्याच्या भिंतीसारखा सजवला. खाली गवत आणि लोकर जाळायची, गरम हवा आत भरायची. सप्टेंबरात व्हर्सायला मेंढी, बदक आणि कोंबडा वर जाऊन सुखरूप उतरले. आता माणूस पाठवायचा तर आधी शिक्षा झालेले कैदी पाठवा, असे राजाचे मत होते. पिलात्र द रोझिए या तरुणाला ते मुळीच पटले नाही. १५ ऑक्टोबरला रेव्हेयाँच्या आवारातून तो स्वतःच वर गेला. सुमारे ८० फूट उंची, चार-साडेचार मिनिटे, आणि फुगा दोरांनी जमिनीशी बांधलेला.

दोर होता म्हणून काही जण याला उड्डाण मानत नाहीत. त्यांच्या लेखी खरे उड्डाण २१ नोव्हेंबरचे, दोर सोडल्यावरचे. मला तो हिशेब कद्रू वाटतो. कागद लावलेल्या फुग्याखाली जाळ पेटवून पहिल्यांदा वर जाणाऱ्याचे धैर्य दोराने कमी होत नाही.

पुढची १५ ऑक्टोबर १९२८ची. ह्यूगो एकेनर यांचे ‘ग्राफ झेपेलिन’ हे हवाई जहाज जर्मनीतल्या फ्रीड्रिशहाफेनहून ११ तारखेला निघून जवळजवळ ११२ तासांनी अमेरिकेत लेकहर्स्टला उतरले. वाटेत वादळात डाव्या बाजूच्या पंखाचे कापड फाटले; ते सावरायला उघड्या सांगाड्यावर उतरलेल्यांत एकेनर यांचा मुलगाही होता. प्रवासी वीसच. या जहाजाच्या सफरींना पुढे मोठा आधार मिळाला तो टपालाचा. तिकिटे जमवणारे छांदिष्ट त्याच्या शिक्क्याच्या पाकिटासाठी खुशीने पैसे मोजत.

टपाल विमानाने नेण्याचा मान तसा आपल्याकडचाच: १९११च्या फेब्रुवारीत आंरी पेके यांनी अलाहाबादहून यमुनेपलीकडे नैनीला पत्रे नेली. पण ती प्रदर्शनातली हौस. रोजीरोटीचा धंदा सुरू झाला तो १५ ऑक्टोबर १९३२ला.

कल्पना नेव्हिल व्हिन्सेंट या माजी लष्करी वैमानिकाची. इम्पीरियल एअरवेज विलायतेचे टपाल कराचीपर्यंत आणी. तिथून मुंबई-मद्रासला ते आपण विमानाने नेऊ, असा त्यांचा प्रस्ताव. टाटांनी तो उचलला. सरकार अनुदान देईना, तेव्हा पत्रांच्या वजनावर मिळेल तेवढ्यावर राजी होऊन करार झाला. सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जे. आर. डी. टाटा कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून एकटेच पस मॉथ घेऊन निघाले. एकच इंजिन, रेडिओ नाही, सोबत २५ किलो टपाल. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी विमान जुहूला टेकले. तिथून पुढे बल्लारीमार्गे मद्रासपर्यंत व्हिन्सेंट गेले. त्यांचे नाव आज फारसे कुणी घेत नाही, हे अन्यायाचेच.

जुहूची धावपट्टी म्हणजे समुद्राकाठचा चिखल. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई, मग सारा बाडबिस्तरा पुण्याला येरवड्यात हलवावा लागे. सेवेचा मुहूर्त ऑक्टोबरातला निघाला, यात मला तरी मोसमी पावसाचा हात दिसतो. पहिल्या वर्षी प्रवासी मिळाले १५५ आणि टपाल साडेनऊ टनांवर. नफा ६० हजार रुपये. माणसांच्या भरवशावर राहिले असते तर कंपनी बुडालीच असती.

पॅरिस, लेकहर्स्ट, जुहू यांची तारीख एक निघाली ती योगायोगाने. त्यासाठी पंचांग उघडायला नको. ठरवून निवडलेल्या १५ ऑक्टोबर मात्र दोन आहेत. १९६२ साली आणि पुन्हा १९८२ साली जे. आर. डी. लेपर्ड मॉथ हे जुनेच विमान घेऊन कराचीहून मुंबईला आले. दुसऱ्या खेपेला त्यांचे वय ७८ होते, आणि याही वेळी ते एकटेच होते.